मॅकॉन्कीवर एकच कॉलनी, न्यूट्रिएंट अगारवर मात्र दोन: असं पुन्हा पुन्हा का होतं आणि काय करायचं

मॅकॉन्की अगार म्हणजे आतड्यातले जिवाणू निवडून वाढवणारं सिलेक्टिव्ह माध्यम. त्याच्या प्लेटवर छान सुटी, गुलाबी कॉलनी (एका जागी वाढलेला जिवाणूंचा ठिपका) दिसते. ती उचलून बायोकेमिकल टेस्ट लावाव्यात तर निकाल कशाशीच जुळत नाहीत. इन्डोल पॉझिटिव्ह, एमआर (मिथाइल रेड) पॉझिटिव्ह, व्हीपीही (व्होगस-प्रोस्काउअर) पॉझिटिव्ह, आणि सिट्रेटचा स्लँट निळाशार, म्हणजे तोही पॉझिटिव्ह. शंका येऊन तीच कॉलनी न्यूट्रिएंट अगारवर, म्हणजे कुणालाच न अडवणाऱ्या साध्या माध्यमावर, स्ट्रीक केली (लूपने, म्हणजे तारेच्या कड्याने, रेघा ओढत पसरवली) की दुसऱ्या दिवशी दोन वेगळ्या चेहऱ्यांच्या कॉलन्या समोर येतात. "मॅडम, मी एकच कॉलनी उचलली होती," असं आमच्या लॅबमध्ये दर सेमिस्टरला कुणी ना कुणी सांगतं. सांगणारा खरंच बोलत असतो. त्याने एकच कॉलनी उचललेली असते.

पुण्यात मायक्रोबायोलॉजीचा प्रोजेक्ट म्हटला की मुळा-मुठेचं पाणी आलंच. विठ्ठलवाडी, संगम पूल, बंडगार्डन, औंधचा घाट, सॅम्पल कुठूनही घ्या, त्यात सांडपाणी असतंच. म्हणजे आतड्यातले ग्रॅम निगेटिव्ह (ग्रॅम स्टेनमध्ये गुलाबी दिसणारे), त्यांच्यासोबतचे एंटेरोकोकाय (जांभळे, म्हणजे ग्रॅम पॉझिटिव्ह, गोलाणू), मातीतले बॅसिलस आणि पाण्यातले स्यूडोमोनास, सगळे एकाच बाटलीत. अशा पाण्यातून एक जात वेगळी काढताना ही अडचण हमखास येते, आणि पावसाळ्यात तर जास्तच.

दोष बहुतेक वेळा रीएजंटला दिला जातो. इन्डोल टेस्टचं कोव्हॅक्स जुनं झालं असेल, सिट्रेटचं पीएच चुकलं असेल. मग नव्या बाटल्या मागवल्या जातात, पुन्हा नदीवर जाऊन सॅम्पल आणलं जातं, आणि पंधरवड्याने परत तोच निकाल. माझ्या मते रीएजंटचा दोष क्वचितच असतो. गडबड होते ती सिलेक्टिव्ह प्लेटवरच्या कॉलनीला थेट शुद्ध कल्चर समजण्यात.

आधी कल्चर खरंच मिश्र आहे का ते पाहा

विचित्र निकाल आला की लगेच कल्चर टाकून देऊ नका. ई. कोलायचा आयएमव्हिक साचा (इन्डोल, एमआर, व्हीपी, सिट्रेट या क्रमाने) प्लस प्लस मायनस मायनस आणि क्लेबसिएला न्यूमोनीचा सहसा मायनस मायनस प्लस प्लस, एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण क्लेबसिएला ऑक्सिटोका इन्डोलही देते आणि सिट्रेटही. सिट्रोबॅक्टर कोसेरी इन्डोल, एमआर आणि सिट्रेट तिन्ही पॉझिटिव्ह देतो, फक्त व्हीपी निगेटिव्ह. तेव्हा इन्डोल आणि सिट्रेट एकत्र पॉझिटिव्ह आले एवढ्यावरून भेसळ सिद्ध होत नाही.

एमआर आणि व्हीपी दोन्ही ठसठशीत पॉझिटिव्ह आले तर मात्र संशय घ्यायला जागा आहे. त्याआधी दोन गोष्टी तपासा. एमआर २४ तासांतच वाचली का? तेवढ्यात क्लेबसिएलाच्या नळीतही आम्ल शिल्लक असतं आणि मिथाइल रेड लाल दिसू शकतं, म्हणून किमान ४८ तास थांबायचं असतं. आणि व्हीपीची नळी अल्फा नॅफ्थॉल व पोटॅश घातल्यावर तासाभरापेक्षा जास्त वेळ तशीच ठेवली होती का? ठेवली असेल तर निगेटिव्ह नळीतही तांबूस छटा येते, आणि घाईत तीच पॉझिटिव्ह म्हणून वहीत जाते.

हे दोन्ही नीट असेल तर ग्रॅम स्टेनकडे वळा. बायोकेमिकलच्या आधी ग्रॅम स्टेन करायचा, हा नियम प्रत्येक वहीत पहिल्या पानावर असतो आणि वेळ कमी पडली की पहिला गळतो तोही हाच. स्मिअर पातळ करा. जाड स्मिअरमध्ये ॲसिटोन अल्कोहोल आतपर्यंत पोचत नाही, ग्रॅम निगेटिव्ह काड्याही जांभळ्या राहतात आणि नसलेली भेसळ दिसू लागते. एका फील्डवर समाधान मानू नका, स्लाइड सरकवत भरपूर फील्ड पाहा. गुलाबी काड्यांच्या गर्दीत चार-पाच जांभळ्या गोलाणूंची एखादी आखूड साखळी दिसली तर उत्तर मिळालंच.

त्यानंतर न्यूट्रिएंट अगारची प्लेट. शक्य असेल तर मेंढीच्या रक्ताचं ब्लड अगारही, कारण न्यूट्रिएंटवर एंटेरोकोकस इतका बारीक वाढतो की नजरेतून सुटतो. प्लेट सरळ धरून बघू नका. झाकण काढून ट्यूबलाइटच्या उजेडात तिरकी धरा आणि हँडलेन्स लावा. ई. कोलायच्या कॉलन्या मळकट पांढऱ्या, दोन-तीन मिलिमीटरच्या, थोड्या फुगीर दिसतात. त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत टाचणीच्या टोकाएवढे, जवळजवळ पारदर्शक ठिपके असतात. उजेडाचा कोन बदलला की ते एकदम चमकतात आणि प्लेट सरळ केली की नाहीसे होतात. या ठिपक्यांतून उचलून कॅटलेज टेस्ट करा (हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकून). बुडबुडे आले नाहीत तर एंटेरोकोकस असण्याची शक्यता मोठी, कारण ई. कोलाय आणि स्टॅफिलोकोकस दोघेही कॅटलेज पॉझिटिव्ह आहेत.

प्लेटवर जे दिसत नाही ते मेलेलं नसतं

आल्फ्रेड मॅकॉन्की यांनी १९०० च्या सुमारास इंग्लंडमध्ये पित्तक्षार घातलेलं हे माध्यम पुढे आणलं, तेव्हा त्यांना आतड्यातले जिवाणू इतरांपासून वेगळे काढायचे होते. आज आपण वापरतो त्या नेहमीच्या प्रकारात लिटरमागे पित्तक्षार साधारण १.५ ग्रॅम, लॅक्टोज १० ग्रॅम, न्यूट्रल रेड (लॅक्टोज वापरून आम्ल करणाऱ्या कॉलनीला गुलाबी करणारा रंग) ०.०३ ग्रॅम आणि क्रिस्टल व्हायोलेट अवघं ०.००१ ग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅम असतं. ग्रॅम निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरून लिपोपॉलिसॅकराइडचं आवरण असतं, शिवाय आत शिरलेलं पित्त ते बाहेर फेकू शकतात. ग्रॅम पॉझिटिव्हकडे ते बाहेरचं आवरण नाही, म्हणून पित्त आणि क्रिस्टल व्हायोलेट दोन्ही त्यांना बाधतात.

पण इतक्या कमी मात्रेत बाधणं म्हणजे बहुतेक वेळा वाढ रोखणं. त्यातल्या कितीतरी पेशी जिथे पडल्या तिथे जिवंत राहतात. पर्वतीच्या उतारावरचं गवत मे महिन्यात मेल्यासारखं दिसतं आणि जूनच्या दोन सरी पडल्या की हिरवंगार होतं, तसंच हे. गुलाबी कॉलनी अशा दबलेल्या पेशींच्या डोक्यावर वाढते. लूपने ती कॉलनी खरवडली की खालचे जिवाणूही सोबत येतात आणि न्यूट्रिएंट अगारवर पित्त नसल्याने मोकळे वाढतात.

दुसरी गोष्ट. सिलेक्टिव्ह माध्यम फक्त एका गटाला अडवतं. ग्रॅम निगेटिव्हमधल्या आपसातल्या भेसळीवर मॅकॉन्कीचा काहीच इलाज नाही. चिकट, पसरट क्लेबसिएलाच्या कॉलनीखाली रंगहीन स्यूडोमोनास किंवा प्रोटियस बसलेला असेल तर वरून सगळं गुलाबीच दिसतं. अशा वेळी कॉलनीची कड पाहायची. गुलाबी भागाबाहेर पातळ, फिकट, किंचित दातेरी झालर असेल तर ती कॉलनी उचलू नका, दुसरी शोधा.

जेनेटिक्सच्या विद्यार्थ्यांना याचाच एक प्रकार ॲम्पिसिलिनच्या प्लेटवर दिसतो. रेझिस्टंट कॉलनी बीटा लॅक्टमेज हे ॲम्पिसिलिन तोडणारं एन्झाइम सोडते, तिच्याभोवतीचं ॲम्पिसिलिन संपतं आणि कडेने बारीक सॅटेलाइट कॉलन्या उगवतात. त्या इतका वेळ तिथेच दबून होत्या.

बाटलीवरचं लेबल

मॅकॉन्की अगार या नावाने बाजारात बरेच प्रकार मिळतात. काहींत क्रिस्टल व्हायोलेट असतं, काहींत नसतं. काहींत मीठ कमी किंवा अजिबात नसतं. क्रिस्टल व्हायोलेट नसलेल्या प्रकारावर एंटेरोकोकाय बारीक लालसर कॉलन्यांनी आरामात वाढतात, काही स्टॅफिलोकोकायही वाढतात. ते माध्यम सदोष नाही, एंटेरोकोकाय दिसावेत म्हणून ते मुद्दाम तसं बनवलेलं असतं. ऑर्डर देताना मात्र हा फरक कुणी पाहत नाही, स्वस्त असेल ती बाटली येते आणि वर्षभर सगळ्यांच्या प्लेटवर बारीक ठिपके दिसत राहतात. नदीच्या पाण्यातून कोलिफॉर्म काढायचे असतील तर क्रिस्टल व्हायोलेट असलेला प्रकार घ्या. लेबलवरची घटकांची यादी वाचायला मिनिटभर पुरतो.

वजन, पाणी, उष्णता

आता ज्याबद्दल मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. मीडिया महाग आहे, कॉलेजचं बजेट तुटपुंजं असतं, बॅच मोठी असते. म्हणून पन्नासेक ग्रॅमच्या जागी पस्तीस-चाळीस ग्रॅम पावडर घ्यायची आणि घट्टपणासाठी वरून साधा अगार घालायचा, ही पद्धत बऱ्याच ठिकाणी चालते. प्लेट दिसायला ठीक दिसते, ई. कोलायही गुलाबी येतो. पण आधीच मिलिग्रॅममध्ये असलेलं क्रिस्टल व्हायोलेट आणि पित्तक्षार त्याच प्रमाणात पातळ झालेले असतात, आणि अडवायचे ते जिवाणू वाढू लागतात. काटकसर करायचीच असेल तर प्लेटची संख्या कमी करा. एका प्लेटवर दोन सॅम्पल, पाठीमागे मार्करने रेघ मारून, हे चालेल. पावडर पातळ करणं चालणार नाही.

वजन करण्याआधी बंद बाटली हलक्या हाताने उलटी-सुलटी करून पावडर एकसारखी करून घ्या. जुलै-ऑगस्टमधल्या पुण्याच्या दमट हवेत पित्तक्षार असलेली पावडर ओल धरते आणि तिच्या गाठी होतात. गाठी झालेली, रंग बदललेली पावडर वापरू नये. बाटली उघडल्याची तारीख झाकणावर लिहा, झाकण घट्ट लावा आणि बाटली सिलिका जेलसह कोरड्या, अंधाऱ्या कपाटात ठेवा. वजनाच्या खोलीत खिडकी उघडी ठेवून बाटली दहा-पंधरा मिनिटं उघडी राहिली तरी पावसाळ्यात फरक पडतो.

पाणी डिस्टिल्डच हवं. गुरुवारी दुरुस्तीसाठी महापालिकेचं पाणी बंद, अनेकदा त्याच दिवशी भागातली वीजही बंद, त्यामुळे डिस्टिलेशन युनिट चालत नाही आणि शुक्रवारी प्रॅक्टिकल असतं. मग कुणीतरी नळाच्या किंवा पिण्याच्या फिल्टरच्या पाण्यात मीडिया बनवून मोकळं होतं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, क्षार असतात आणि पीएच वेगळं असतं. त्या बॅचवर विश्वास ठेवता येत नाही. बुधवारी एक कॅन डिस्टिल्ड वॉटर भरून बाजूला ठेवलं की हा प्रश्न उरत नाही. तयार मॅकॉन्कीचं पीएच २५ अंशांना ७.१ च्या आसपास यायला हवं. शंका असेल तर मोजा.

उष्णतेचं नीट समजून घ्या. मॅकॉन्की १२१ अंशांना १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करतात. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे गेजवर १५ पौंड दाब दिसत असला तरी आतलं तापमान समुद्रकाठच्या तुलनेत अंदाजे एक अंशाने कमी असतं. हा फरक लहान आहे, तुमच्या मिश्र कॉलनीचं कारण तो नव्हे. खरा घोटाळा होतो तो वाफेसोबत आतली हवा पूर्ण बाहेर न काढता वॉल्व्ह बंद केल्यावर. तेव्हा दाब दिसतो, तापमान चढत नाही, माध्यमातले बीजाणू जगतात आणि पेरणी न केलेल्या प्लेटवरही कॉलन्या येतात. म्हणूनच प्रत्येक बॅचमधली एक कोरी प्लेट इन्क्युबेटरमध्ये रात्रभर ठेवायला मी सांगते.

उलट बाजूही आहे. दोन लिटरचा फ्लास्क गळ्यापर्यंत भरून ऑटोक्लेव्हमध्ये ठेवला की तो तापायला वेळ, निवायलाही वेळ, आणि मधल्या काळात माध्यम शिजत राहतं. उरलेला अगार परत परत वितळवून वापरणं हाही तोच प्रकार. जास्त तापलेल्या मॅकॉन्कीचं पीएच उतरतं, रंग विटकरी होतो, अगार मऊ पडतो आणि लूप रुतते. एक लिटरच्या फ्लास्कमध्ये अर्धा लिटर, एकदाच वितळवायचं, आणि ४५ ते ५० अंशांवर आलं की ओतायचं. फ्लास्क मनगटाच्या आतल्या बाजूला धरवेल इतका निवला पाहिजे. ९० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये वीसेक मिलिलिटर पुरेसं आहे.

पावसाळा आणि घाम आलेल्या प्लेट

गरम अगार ओतला, झाकण लगेच लावलं, प्लेट एकावर एक रचल्या, की झाकणाच्या आत थेंब जमतात. प्लेट हलवताना एखादा थेंब अगारवर पडतो आणि स्ट्रीकच्या तिसऱ्या क्वाड्रंटमधून (चतुर्थांश भागातून) चौथ्यात ओघळतो. त्याच्या वाटेत जिवाणू मिसळत जातात. दुसऱ्या दिवशी त्या वाटेवरही कॉलन्या सुट्याच दिसतात, पण त्या एकाच पेशीपासून आलेल्या नसतात. मला वाटतं, पावसाळ्यात पुण्यातल्या निम्म्या तक्रारींच्या मुळाशी हेच असावं, कारण तीच मुलं तीच पावडर वापरून मार्चमध्ये स्वच्छ प्लेट काढतात.

उपाय सोपा आहे. अगार घट्ट झाला की प्लेट उलट्या करा, झाकण किंचित सरकवून ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये अर्धा तास वाळवा, किंवा लॅमिनार फ्लोमध्ये झाकण अर्धवट उघडं ठेवून वीस मिनिटं. फ्रिजमध्ये ठेवायच्या तर पिशवीत, उलट्या, २ ते ८ अंशांना. फ्रिजमधून काढल्या की आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच स्ट्रीक करा. अगारच्या पृष्ठभागावर चकाकणारी ओल दिसत असेल तर थांबा.

किती पेरायचं, किती वेळ ठेवायचं

नाल्याचं पाणी थेट लूपने प्लेटवर ओढू नका. स्टराइल सलाइनमध्ये दहा-दहा पटींनी पातळ करत जा आणि निदान तीन पातळ्यांवरून पेरा. सिलेक्टिव्ह माध्यमाची अडवण्याची ताकद ठरावीक असते, त्यावर लाखो पेशी एका जागी ओतल्या की काही ग्रॅम पॉझिटिव्ह निसटतातच. पहिल्या क्वाड्रंटमध्ये दाट वाढ आणि शेवटच्यात मोजक्या कॉलन्या असतील तर फक्त शेवटच्या क्वाड्रंटमधून उचला. दाट भागाच्या कडेची देखणी कॉलनी कितीही मोहात पाडत असली तरी ती सोडून द्या.

वाचायचं १८ ते २४ तासांत. शुक्रवारी लावलेली प्लेट सोमवारी वाचली तर लॅक्टोज संपलेलं असतं, जिवाणू पेप्टोनकडे वळलेले असतात, पीएच वर गेलेलं असतं आणि गुलाबी रंग फिका पडलेला असतो. शिवाय उशिरा लॅक्टोज वापरणारे एव्हाना गुलाबी होऊ लागतात आणि दबलेले ठिपकेही डोकं वर काढतात. शनिवारी सकाळी कुणी येऊ शकत नसेल तर शुक्रवारी प्लेट लावूच नका. सॅम्पल फ्रिजमध्ये साठवून सोमवारी लावणं हाही पर्याय नाही, तोवर पाण्यातली संख्या बदलते. सॅम्पलच सोमवारी आणा.

कॉलनी शुद्ध करायची पद्धत

लूप बाजूला ठेवा, सरळ सुई घ्या. लाल होईपर्यंत तापवा, निवू द्या, आणि सुट्या कॉलनीच्या माथ्याला मध्यभागी नुसता स्पर्श करा. अगारपर्यंत जायचं नाही, खरवडायचं नाही. सुईच्या टोकाला काही लागलंय असं डोळ्याला दिसणारही नाही, तरी त्यात लाखो पेशी असतात.

ते टोक एक मिलिलिटर स्टराइल सलाइनमध्ये बुडवून व्होर्टेक्स करा. व्होर्टेक्स नसेल तर नळी तळहातांत जोरात घुसळा. हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि नेमका तोच महत्त्वाचा आहे. क्लेबसिएलासारख्या चिकट जाती गुठळीने राहतात, त्या गुठळीत दुसरी जात अडकून येते आणि कितीही स्ट्रीक केलं तरी जोडीनेच फिरते. घुसळल्यावर ती सुटते.

या सलाइनमधून लूपभर घेऊन न्यूट्रिएंट अगारवर चार क्वाड्रंटमध्ये स्ट्रीक करा. प्रत्येक क्वाड्रंटनंतर लूप तापवा आणि निवू द्या. मग त्याच सलाइनमधून मॅकॉन्कीची एक प्लेट करा. दोन्ही प्लेट शेजारी ठेवून वाचायच्या. न्यूट्रिएंटवर सगळ्या कॉलन्या एकसारख्या आणि मॅकॉन्कीवरही एकसारख्या असतील तर न्यूट्रिएंटवरची एक कॉलनी घेऊन हेच परत करा. दोनदा सलग एकच चेहरा दिसला आणि ग्रॅम स्टेनही स्वच्छ आला, मग बायोकेमिकल लावा. एकूण दोन-तीन दिवस जास्त लागतात. प्रोजेक्टची मुदत जवळ आलेली असते हे मला माहीत आहे, तरीही हे दिवस काढाच. चुकीच्या कल्चरवर लावलेल्या वीस नळ्या पुन्हा लावायला याहून जास्त वेळ जातो.

ऑक्सिडेज टेस्टही न्यूट्रिएंटवरच्या वाढीतून करा, मॅकॉन्कीवरून नको. आम्ल आणि रंग यांमुळे तिथला निकाल फसवा असतो. निक्रोमची लूपही वापरू नका, ती खोटा पॉझिटिव्ह देते. निर्जंतुक लाकडी काडी चांगली.

न्यूट्रिएंटवर सुट्या कॉलन्यांऐवजी पूर्ण प्लेटभर पातळ साय पसरली आणि तिच्यात एकामागून एक लाटांसारखी वर्तुळं दिसली, तर तो प्रोटियस. मॅकॉन्कीवर पित्तक्षारांमुळे त्याचं पसरणं थांबतं, म्हणून तिथे तो साध्या रंगहीन कॉलनीसारखा गप्प बसलेला असतो. अशा वेळी न्यूट्रिएंटच्या मागे लागू नका. मॅकॉन्की किंवा सीएलईडी अगारवर (प्रोटियसचं पसरणं रोखणारं दुसरं माध्यम) परत या, तिथे सुईने दोन-तीनदा शुद्ध करा आणि शेवटची खात्री तेवढी न्यूट्रिएंटवर घ्या. प्रोटियस उरला असेल तर ती प्लेट रात्रीत सांगते. युरिएजची नळीही लवकर गुलाबी होऊन सांगते.

इतर माध्यमांवरही हेच

एक्सएलडी आणि एसएस अगार (सॅल्मोनेला आणि शिगेला शोधायची माध्यमं) ऑटोक्लेव्ह करायचे नसतात, फक्त उकळी आणायची. एक्सएलडी जास्त तापवलं किंवा गरम पाण्यात तासन् तास ठेवलं की साका धरतं आणि त्याची निवड करण्याची ताकद घटते. त्यावर लाल कॉलनी आणि मध्ये काळा ठिपका दिसला म्हणून थेट सॅल्मोनेलाच्या अँटिसेराशी स्लाइडवर मिसळू नका. आधी न्यूट्रिएंट अगारवर शुद्ध करा, मगच ॲग्लुटिनेशन (गुठळी होते का ते पाहणं).

स्टॅफिलोकोकससाठीच्या मॅनिटॉल सॉल्ट अगारमध्ये ७.५ टक्के मीठ असतं. पिवळी कॉलनी म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियसच, असं नाही. इतर काही स्टॅफिलोकोकाय आणि एंटेरोकोकायही पिवळे येऊ शकतात. ऑरियसची खात्री करणारी कोॲग्युलेज टेस्ट मिठाच्या प्लेटवरून न करता न्यूट्रिएंटवरून करा. व्हिब्रिओसाठीचं टीसीबीएस माध्यमही उकळूनच करायचं, त्याचं पीएच ८.६ असतं, आणि त्यावरची पिवळी कॉलनी थोडं मीठ घातलेल्या न्यूट्रिएंट अगारवर नेऊनच ऑक्सिडेज करायचं. या दोन्ही माध्यमांवर रोगजंतू असू शकतात, त्यामुळे वास घेऊन ओळखायची जुनी सवय सोडा आणि प्लेट टाकण्याआधी ऑटोक्लेव्ह करा.

कधी अडचण उलटी असते: हवा तो जिवाणूच प्लेटवर येत नाही. नळाच्या पाण्याचं सॅम्पल असेल तर आधी क्लोरीनचा विचार करा. सॅम्पल घेण्याआधीच बाटलीत सोडियम थायोसल्फेट हवं. १२० मिलिलिटरच्या बाटलीत ३ टक्के द्रावणाचं ०.१ मिलिलिटर घालून बाटली निर्जंतुक केली की पिण्याच्या पाण्यातल्या नेहमीच्या क्लोरीनला ते पुरतं. क्लोरीनने जखमी झालेल्या पेशींना थेट पित्तात टाकलं तर त्या उभ्या राहत नाहीत, म्हणून आधी साध्या ब्रॉथमध्ये थोडा वेळ सावरू द्या.

बॅच तपासल्याशिवाय वापरू नका

नवी बाटली उघडली किंवा नवी बॅच ओतली की चार कल्चर लावायचे. ई. कोलाय एटीसीसी २५९२२ (एटीसीसी म्हणजे अमेरिकेतला कल्चर संग्रह, पुढचा त्याचा क्रमांक) गुलाबी यायला हवा, सॅल्मोनेला टायफिम्युरियम एटीसीसी १४०२८ रंगहीन, स्टॅफिलोकोकस ऑरियस एटीसीसी २५९२३ आणि एंटेरोकोकस फिकॅलिस एटीसीसी २९२१२ दबलेले. वाढायला हवेत ते जिवाणू थोडे पेरा, शंभर पेशींच्या आत, म्हणजे माध्यम अशक्त असेल तर कळेल. दबायला हवेत ते भरपूर पेरा, दहा हजारांच्या वर, म्हणजे माध्यम ढिलं असेल तर कळेल. बरेच जण दोन्हीसाठी सारखंच पेरतात आणि तपासणीला अर्थ राहत नाही. संदर्भ कल्चर मिळवायला पुणेकरांना लांब जावं लागत नाही. पाषाणला एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) एनसीआयएम हा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा संग्रह आहे, आणि एनसीसीएसचं (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) एनसीएमआर हे सूक्ष्मजीव संग्रह केंद्रही पुण्यातच आहे.

प्रोजेक्ट संपताना कल्चर २० टक्के ग्लिसरॉलमध्ये गोठवून ठेवलं जातं आणि पुढच्या वर्षीची मुलं तेच वापरतात. मिश्र कल्चर गोठवलं तर ते मिश्रच उठतं, आणि कधी कधी त्यातली गोठणं जास्त सोसणारी जातच पुढे येते. म्हणून स्टॉक भरायच्या दिवशी त्याच नळीतून न्यूट्रिएंटची एक प्लेट लावा, ती वाचेपर्यंत नळीवर नाव घालू नका, आणि प्लेटचा फोटो स्टॉकच्या नोंदीसोबत ठेवा. जात ओळखण्यासाठी १६एस सिक्वेन्सिंगला डीएनए पाठवायचा असेल तर तोही या प्लेटवरच्या कॉलनीतूनच काढा. मिश्र डीएनए गेला तर क्रोमॅटोग्रामवर एकावर एक दोन शिखरं येतात, ती वाचता येत नाहीत, आणि भरलेले पैसेही परत मिळत नाहीत.